मच्छीमारांची हवामानवार्ता

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अमौसी नावाचे ठिकाण आहे. लखनौचा विमानतळ तेथे असल्यामुळे हे नाव प्रवाशांच्या परिचयाचे झाले. पुढे विमानतळाला चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अमौसी हेच नाव राहिले. या विमानतळाच्या परिसरात भारतीय हवामान खात्याचे केंद्र आहे. हवामानशास्त्रज्ञांच्या जागतिक यादीत या स्थानाचा क्रमांक ४२३६९ असा आहे. पहाटे आणि सायंकाळी, साडेपाच वाजताच्या वेधासाठी, असे केंद्र एक मोठा फुगा आकाशात सोडते. फुग्याच्या खाली एक लहानसे यंत्र बांधलेले असते. उष्णता, आर्द्रता आणि वायुभार यांची नोंद करीत आणि ती बिनतारी लहरींनी खाली कळवीत ते यंत्र वर वर जाते. पंचवीस-तीस किलोमीटर उंचीवर, जेथे हवा अत्यंत विरळ असते, तेथे तो फुगा फुटतो व त्याचे काम संपते.

अमौसीपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. येथे कोणी होडी वल्हवीत नाही की जाळे विणीत नाही. असे असता या फुग्याचा आणि हर्णैच्या किंवा मालवणच्या नाखव्याचा काय संबंध, असा प्रश्न सहज मनात येईल. परंतु संबंध आहे, आणि तो समजून घेतला म्हणजे नभोवाणीवरून मच्छीमारांसाठी दिल्या जाणाऱ्या हवामानवार्तेचे मोल अधिक चांगले ध्यानात येते.

पावसाळ्यात राजस्थानातील गंगानगरापासून प्रयागवरून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी वायुभाराचा एक लांबच लांब पट्टा पसरलेला असतो. हवामानशास्त्रात त्याला मोसमी द्रोणी म्हणतात. या द्रोणीच्या दक्षिणेस वारे पश्चिमेकडून वाहतात आणि उत्तरेस पूर्वेकडून. द्रोणी आपल्या नेहमीच्या जागी असते तेव्हा लखनौ तिच्या किंचित उत्तरेस येते, आणि म्हणून त्या भागात पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, वाहतो. द्रोणी सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेली की लखनौला पछुआ, म्हणजे पश्चिमेचा वारा, सुटतो. आता यातील मर्म असे की, द्रोणी जेव्हा जागेवर असते व जोरात असते, तेव्हा अरबी समुद्रावरून येणारे वारेही सामान्यतः जोराचे असतात आणि कोकणचा किनारा खवळलेला असतो. ती पायथ्याकडे गेली की पावसाला खंड पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावरील जोर ओसरतो. एकट्या अमौसीच्या वाऱ्यावरून कोणी समुद्राचे भाकीत करीत नाही; परंतु अशा अनेक ठिकाणांचे वेध एकत्र आले म्हणजेच नकाशावर द्रोणीची रेषा उमटते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून नौका पुन्हा पाण्यात जातात, तेव्हा मोसमी वारे अद्याप संपलेले नसतात. त्या दिवसांत ही रेषा कोठे आहे, हे जाणणे नाखव्याच्या हिताचे असते.

वादळाची पूर्वसूचना देण्याची कल्पना फार प्राचीन नाही. २६ ऑक्टोबर १८५९ रोजी वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज भयंकर वादळात फुटले व शेकडो माणसे बुडाली. त्यानंतर ॲडमिरल फिट्झरॉय यांनी निरनिराळ्या ठिकाणांचे वेध तारायंत्राने मागवून १८६१ मध्ये बंदरांना वादळाचे इशारे देण्यास आरंभ केला. डार्विनला घेऊन जगप्रवासास गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान ते हेच फिट्झरॉय. वादळ वाऱ्याच्या वेगाने येते, पण तारेचा संदेश त्याहून पुष्कळ लवकर पोचतो. ही साधी गोष्ट या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी आहे.

आपल्या देशात या कार्याला चालना मिळाली ती एका महासंकटामुळे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले, हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि हुगळीतील जहाजांची दाणादाण उडाली. चक्रीवादळांना ‘सायक्लोन’ हे नावसुद्धा त्याच कलकत्त्यात, १८४८ साली, हेन्री पिडिंग्टन यांनी दिले होते. दुसऱ्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आणि १८८६ पर्यंत ही व्यवस्था देशातील बंदरांपर्यंत जाऊन पोचली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासूनची. सर्वसामान्य मराठी माणूस हवामान खात्याला आजही ‘वेधशाळा’ म्हणतो, त्याचे मूळ कुलाब्यात आहे.

बंदरावरच्या इशाऱ्याला कोकणात बावटा म्हणतात. बंदरातील उंच खांबावर दिवसा विशिष्ट आकाराच्या आकृती आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे चढविले जातात. एकपासून अकरापर्यंत त्यांचे क्रमांक आहेत. पहिले दोन दूरच्या समुद्रातील धोका सांगतात. तिसरा व चौथा बंदरालाच वादळी वाऱ्याचा उपद्रव संभवतो असे दर्शवितात. पाच ते सात हे धोक्याचे, आठ ते दहा हे महाधोक्याचे. आणि अकरावा बावटा, वेधशाळेशी संपर्कच तुटला असून हवामान भयंकर होण्याची चिन्हे आहेत, असे सांगतो. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे ऐकले की कोळीवाड्यात पुढचे काही सांगावे लागत नाही.

तथापि बावट्याला एक मोठी मर्यादा आहे. तो बंदरातून दिसतो, समुद्रातून नव्हे. जो नाखवा निघण्याच्या तयारीत आहे त्याला तो थांबवितो. परंतु जो काल रात्रीच पन्नास मैल दूर गेला, त्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. ही उणीव बिनतारी संदेशाने भरून निघाली. पण मोठ्या जहाजांना ही सोय लवकर मिळाली आणि लहान नौकांना फार उशिरा. जहाजांसाठी ‘बॉम्बे रेडिओ’सारखी किनारी केंद्रे मोर्सच्या कड-कट्ट भाषेत हवामानवार्ता पाठवीत; ती टिपून घेण्यास शिकलेला बिनतारी अधिकारी लागे. गलबतावर असा माणूस कोठून असणार? किनाऱ्याच्या प्रवासी बोटींचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाऱ्यापावसाच्या तडाख्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईच्या इतक्या जवळ घडलेल्या या अपघाताची वार्ता मुंबईला कळण्यास कित्येक तास लागले. ती कळली तीही पोहून किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून.

त्याच १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले होते २३ जुलै १९२७ रोजी आणि लखनौचे केंद्र २ एप्रिल १९३८ रोजी. परंतु काचेच्या दिव्यांचे ते जुने संच वजनदार असत, त्यांना विजेची किंवा जड बॅटऱ्यांची गरज लागे, आणि खाऱ्या हवेत ते टिकत नसत. ट्रान्झिस्टरमुळे हातभर लांबीचा, मशालीच्या सेलवर चालणारा संच सिद्ध झाला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नौकेच्या छपराखाली टांगला जाऊ लागला, आणि प्रथमच किनाऱ्यावरचे माणूस आपल्या भाषेत समुद्रातील माणसाशी बोलू लागले. आकाशवाणीची किनारी केंद्रे हवामान खात्याकडून आलेले इशारे प्रादेशिक भाषांतून ठराविक वेळी देत आली आहेत. मराठी, कोंकणी, गुजराती, मल्याळम, तमिळ अशा ज्या भाषेचा किनारा, त्या भाषेत ही वार्ता जाते.

आता लघुलहरींविषयी. नभोवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. तेव्हा त्या दूरवर पोचतात कशा? १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकच्या पलीकडे संदेश पोचविला तेव्हा हेच कोडे शास्त्रज्ञांना पडले. दुसऱ्याच वर्षी केनेली व हेविसाइड यांनी सुचविले की, वातावरणात खूप उंचीवर विद्युद्भारित हवेचा एखादा थर असला पाहिजे. अॅपल्टन यांनी १९२४ मध्ये तो प्रयोगाने सिद्ध केला. कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनीही या आयनांबराच्या अभ्यासात मोलाची भर घातली. लघुलहरी शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरील या थरांवरून परावर्तित होऊन पुन्हा पृथ्वीवर येतात, आणि अशा रीतीने शेकडो, कधी हजारो किलोमीटरचा पल्ला गाठतात. दिवसा सूर्याच्या किरणांनी खालचा एक थर जागा होतो व कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरून जातो. म्हणूनच दिवसा अस्पष्ट असणारे केंद्र रात्री खणखणीत ऐकू येते.

याचा अनुभव अमौसीच्या परिसरातही येत असे. अनेक वर्षे आकाशवाणीचे लखनौ केंद्र लघुलहरींवर ४८८० किलोहर्ट्झवर आणि मुंबई केंद्र ४८४० किलोहर्ट्झवर ऐकू येई. दोन शहरांत १,२०० किलोमीटरचे अंतर. पण संचाच्या तबकडीवर ती अगदी शेजारी-शेजारी. रात्री काटा केसभर डावीकडे सरकविला की लखनौची भाषा मावळे आणि मुंबईची उमटू लागे. कोकणातून नोकरीसाठी उत्तरेत आलेल्या मराठी श्रोत्याला त्या खरखरीतून आपल्या किनाऱ्याचे नाव ऐकू येणे शक्य होते. मात्र दूरच्या श्रोत्याच्या दृष्टीने जी केवळ आठवण, तीच त्याच क्षणी समुद्रातील माणसाच्या दृष्टीने निर्णयाची गोष्ट असते. त्या खरखरीलाही अर्थ असतो. विजांच्या लखलखाटातून नभोवाणीच्या लहरी निघतात व संचात कडकडतात. कडकड वाढू लागली तर कोठे तरी मेघगर्जना होत आहेत, हे न शिकताही समजते.

मच्छीमारांची हवामानवार्ता ऐकावयास साधी वाटते, पण तिचा प्रत्येक शब्द मोजून घेतलेला असतो. प्रथम समुद्राचा भाग सांगितला जातो: महाराष्ट्र-गोवा किनारा, पूर्वमध्य अरबी समुद्र, आग्नेय अरबी समुद्र इत्यादी. नंतर वाऱ्याची दिशा व ताशी वेग, झोतांचा वेग, समुद्राची स्थिती आणि शेवटी सल्ला. वारा ताशी ४५ किलोमीटरहून अधिक होण्याचा संभव असेल, पावसाबरोबर सोसाट्याचे झोत येण्याची चिन्हे असतील, किंवा लाटा चार मीटर अथवा त्याहून उंच उठण्याची शक्यता असेल, तर मच्छीमारांना इशारा दिला जातो. ‘कमी दाबाचे क्षेत्र’, ‘अवदाब’, ‘तीव्र अवदाब’, ‘चक्रीवादळ’ हे शब्दही एकामागून एक चढत्या पायऱ्या आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की अवदाब, ५० झाला की तीव्र अवदाब, ६२ झाला की चक्रीवादळ, ८९ झाला की तीव्र चक्रीवादळ. वार्तेत काल ‘अवदाब’ होता आणि आज ‘तीव्र अवदाब’ आला, तर एका विशेषणाने पायरी चढली, हे जाणत्या तांडेलाच्या ध्यानात येते.

या वार्तेत वादळाचे स्थान अक्षांश-रेखांशांत सांगतात. एक अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल, अर्थात सुमारे १११ किलोमीटर. एवढे ज्ञान असले तरी बराच हिशेब करता येतो. सामान्य यांत्रिक नौका ताशी १२-१३ किलोमीटर वेगाने चालते असे धरू. ती किनाऱ्यापासून एक अक्षांशाइतकी दूर असेल तर परतण्यास साडेआठ-नऊ तास लागतील. जाळे पाण्यात असेल तर ते ओढून घेण्याचा वेळ निराळा. वादळही समुद्रावर बहुधा ताशी दहा-वीस किलोमीटर वेगाने सरकते, आणि त्याच्या मध्यापासून कित्येक मैल आधीच समुद्र खवळू लागतो. म्हणजे नौका आणि वादळ यांची शर्यत जवळजवळ बरोबरीची असते. ही शर्यत जिंकण्याचा एकच मार्ग आहे: आधी निघणे. आणि आधी निघण्यासाठी आधी कळले पाहिजे.

कळल्यावरही परतण्याचा निर्णय सोपा नसतो. डिझेल व बर्फ यांचा खर्च झालेला असतो. खलाशांचा वाटा मिळणाऱ्या मासळीवर अवलंबून असतो. रिकाम्या हाताने परतल्यास कर्ज तेवढे वाढते. त्यात आकाश निरभ्र असेल तर वेधशाळेवर विश्वास ठेवणे अधिकच कठीण. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, ही थट्टा शहरात चालते. समुद्रात ती चालत नाही, पण तिची छाया तेथेही पडते. खोटा ठरलेला प्रत्येक इशारा पुढच्या खऱ्या इशाऱ्याचे वजन कमी करतो. म्हणून इशारा देणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. भिऊन उगाच बावटा चढवावयाचा नाही, आणि संकोचाने तो चढवावयाचा राहूही द्यावयाचा नाही.

याची प्रचीती कोकणाने ११ नोव्हेंबर २००९ रोजी घेतली. ‘फयान’ हे चक्रीवादळ त्या दिवशी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. वादळ म्हणून त्याचे आयुष्य अगदी अल्प होते; पण रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील अनेक नौका त्या वेळी समुद्रात होत्या आणि कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. त्यानंतर आठ वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०१७ रोजी, कन्याकुमारीच्या जवळ ‘ओखी’ चक्रीवादळ उद्भवले. केरळ व तमिळनाडूतील मच्छीमार अनेक दिवसांच्या मासेमारीसाठी आधीच खोल समुद्रात गेलेले होते. इशारे निघाले तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचण्याचे साधन अनेकांपाशी नव्हते. मोबाइल दूरध्वनी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो, आणि व्हीएचएफ बिनतारी संच नजरेच्या टप्प्यापलीकडे फारसा जात नाही. शेकडो माणसे गेली. त्या दिवसांत ६८ नौका व ९५२ मच्छीमार वाऱ्याशी झुंजत महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सुखरूप लागले. ज्यांची भाषा मल्याळम व तमिळ, त्यांना आसरा मिळाला तो मराठी बंदरात.

या दोन्ही घटनांनी जे दाखविले ते ‘रामदास’नेही दाखविले होते. वेध घेणे, नकाशा काढणे आणि भाकीत करणे ही कामे कितीही उत्तम झाली, तरी शेवटच्या पन्नास-शंभर मैलांत शब्द पोचला नाही तर सारे व्यर्थ होते.

अलीकडे लघुलहरींचा काळ ओसरला आहे. आकाशवाणीने देशांतर्गत लघुलहरी प्रक्षेपणे बहुतांशी बंद केली. मोर्सचे दिवस तर १९९९ मध्येच संपले, कारण त्या वर्षीपासून जहाजांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी जागतिक संकट-संदेश व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राने ‘जेमिनी’ नावाचे लहान यंत्र मच्छीमारांसाठी पुढे आणले. ते उपग्रहावरून हवामानाचा इशारा घेते व नाखव्याच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत दाखविते. यातील मौजेची गोष्ट अशी की, हा इशारा ज्या ‘गगन’ यंत्रणेतून येतो ती मुळात विमानांना अचूक मार्ग दाखविण्यासाठी निर्माण झाली. विमानतळासाठी केलेली सोय होडीच्या उपयोगी पडली. मात्र जेमिनीला ऐकता येते, बोलता येत नाही. ती उणीव दूर करणारी, दोन्ही बाजूंनी संदेश नेणारी यंत्रे एक लाख नौकांवर बसविण्याच्या योजनेचा आरंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे झाला.

साधन बदलले तरी ऐकण्याची शिस्त बदलत नाही. दिवसातून ठरलेल्या वेळी वार्ता घ्यावयाची, आपण कोणत्या भागात आहो ते ओळखावयाचे, कालच्या शब्दाशी आजचा शब्द ताडून पाहावयाचा आणि निर्णय वेळेत घ्यावयाचा, हे यंत्र करीत नाही. ते तांडेलालाच करावे लागते. कोळीवाड्यातील वडील माणसे ढगांचा रंग, पाण्याची ओढ, मतलई वाऱ्याचे अकाली थांबणे यांवरून अंदाज बांधीत आली. त्या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांना दिसते ते क्षितिजापर्यंतच. क्षितिजापलीकडचे सांगण्यासाठी दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या ठिकाणी, आपले काम चोख करावे लागते.

असे काम करणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांची नावे कोणास ठाऊक नसतात. अमौसीला पहाटेच्या अंधारात फुगा भरणाऱ्या कर्मचाऱ्याने कदाचित आयुष्यात समुद्र पाहिलेला नसेल. त्याने आकडा अचूक लिहिला की नाही, हे देवगडच्या धक्क्यावर कोणी विचारणार नाही. तो आकडा शेकडो आकड्यांत मिसळून जातो, त्यांतून एक नकाशा होतो, नकाशातून चार ओळींची वार्ता होते, आणि त्या चार ओळी ऐकून एखादा नाखवा सुकाणू किनाऱ्याकडे वळवितो. रात्री वारा सुटतो तेव्हा त्याची नौका बंदरात दोरखंडाने बांधलेली असते.